नाशिकच्या हवेत कोणतं कापड? घाम, वारा आणि वाळवण बघून ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीहून नाशिकला इंदिरानगरात राहायला आल्यावर तुम्ही घरात सगळ्यांसाठी सुतीच कपडे घ्यायचे ठरवलं. मे महिना छान गेला. पावसाळ्यात मात्र कपडे वाळेनात, त्यांना कुबट वास यायला लागला, आणि डिसेंबरात सकाळी स्कूटरवर निघताना सगळे कुडकुडले. मिस्टर अंबडच्या एमआयडीसीत आहेत, सासूबाई नऊवारी नेसतात, मुलगा शाळेत आहे आणि मुलगी पुढच्या वर्षी मुंबईला कॉलेजला जायची आहे. सगळे सुतीच चांगलं म्हणतात, मग आपलं चुकतंय कुठं, असं तुम्ही विचारलंय.

मी टेक्स्टाइलचं शिक्षण घेतलं, काही वर्षं कापड धुण्या-रंगवण्याच्या खात्यात काम केलं आणि त्यानंतर नाशिकलाच कापडाचं दुकान आणि शिवणकाम सांभाळत आलोय. तुमच्यासारखा प्रश्न दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुती घेतलंत हे बरोबरच केलंत. पण ते किती जाड, कोणत्या विणीचं, आत अस्तर कशाचं, आणि नाशिकच्या कोणत्या महिन्यासाठी, हे न बघता नुसत्या नावावर घेतलं की असं होतं. कापडाकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात. त्यानं घाम टिपावा, वारा लागू द्यावा किंवा अडवावा, आणि ओलं झाल्यावर वेळेत वाळावं. घाम टिपणं हे धागा कशाचा आहे त्यावर ठरतं. वारा ठरतो विणीवर. वाळणं बरंचसं जाडीवर. दुकानात आपण फक्त पहिली गोष्ट विचारतो, ‘प्युअर कॉटन आहे का?’, आणि बाकीच्या दोन तशाच राहतात.

पहिल्या गोष्टीचे आकडे एकदा बघून ठेवा. हवेत साधारण 65 टक्के आर्द्रता असताना कापूस आपल्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो. रेशीम 11, रेयॉन म्हणजे व्हिस्कोज 11 ते 13, लिनन 12 च्या जवळपास, लोकर त्याहूनही जास्त. नायलॉन 4 आणि पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्का. म्हणजे पॉलिएस्टरचा धागा घामाचं पाणी पोटात घेतच नाही, ते अंगावर नाहीतर धाग्याधाग्यांच्या मधे राहतं. उन्हाळ्यात हा त्याचा दोष. पण याच कारणानं ते पावसात झटकन वाळतं.

आता इथली हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि समुद्रापासून सह्याद्रीनं तोडलेलं आहे. डोंबिवलीत वर्षभर खाडीची दमट हवा, दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही. इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी. जानेवारीत पहाटे दहाच्या खाली जातो आणि दुपारी तीसच्या जवळ येतो. निफाडकडे तर आणखी खाली. थंडीच्या बातम्यांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर वर्षी असतोच. पावसाचंही तसंच. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात सिन्नर-येवल्याला त्याचा छोटासा हिस्सा. त्यामुळे इथं ऋतूपेक्षाही ‘दिवसातल्या कोणत्या वेळी, कुठं आणि काय काम करताना’ हा प्रश्न जास्त कामाचा.

उन्हाळ्यापासून सुरू करू, कारण तो तुमचा बरा गेला. त्याचं कारण असं की कोरड्या हवेत घाम भराभर उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर शरीराची सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते. शरीराचा हा पंखा चालू ठेवणं एवढंच कापडाचं काम. सुती कापड घाम टिपून पसरवतं, वारा तो उडवतो. पण त्यासाठी कापड पातळ आणि मोकळ्या विणीचं पाहिजे. मलमल, वॉइल, केंब्रिक, कोटा डोरिया, हातमागाची पातळ खादी ही उन्हाळ्याची कापडं. पॉपलीन जरा घट्ट विणीचं, शर्टाला चालतं. जाड ट्विल, ड्रिल, डेनिम हीसुद्धा शंभर टक्के सुतीच असतात, पण मे महिन्यात दुपारी ती अंगावर नकोशी होतात. 12 औंसाची (म्हणजे चौरस यार्डाला 12 औंस वजनाची) जीन्स म्हणजे चौरस मीटरला सुमारे 400 ग्रॅम कापड; चांगली मलमल 100 च्याही खाली असते.

दुकानात उभ्या उभ्या करायची एक परीक्षा सांगतो. कापडाचा एक पदर तोंडासमोर ताणून धरा आणि फुंकर मारा. पलीकडे हाताला वारा सहज लागला तर उन्हाळ्याला घ्या. जोर लावावा लागला तर ते कापड थंडीच्या वाऱ्याला कामाचं. दुकानदार सुताचा काउंट सांगत असेल तर 40 पेक्षा 60 बारीक, 60 पेक्षा 80 बारीक, हे लक्षात ठेवा. पण बारीक सूत खूप ठासून विणलेलं असेल तर तेही गरमच होतं, म्हणून काउंट ऐकून झाला तरी फुंकर माराच.

रंगाबद्दल लोक फार वाद घालतात. कापड अंगाला चिकटून असेल तर पांढरा, फिकट रंग नक्कीच थंड पडतो. पण कपडा सैल असेल तर रंगाचं महत्त्व बरंच कमी होतं. वाळवंटातले बेदुइन (भटके अरब) लोक काळे झगे का घालतात, यावर 1980 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण ती जादा उष्णता आतल्या मोकळ्या हवेबरोबर निघून जाते आणि कातडीपर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच राहते, असं त्यात दिसलं. म्हणून मी गिऱ्हाइकाला रंगाआधी माप सैल ठेवायला सांगतो. दुसरं म्हणजे अगदी पातळ पांढऱ्या कापडातून ऊन आरपार येतं आणि कातडी भाजते. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत आणि कांद्याच्या वावरात बाया साडीवर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला रुमाल बांधतात. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्या उन्हात हे कशाला? पण दोन सैल थरांच्या मधून वारा खेळतो आणि ऊन बाहेरच्या थरावर अडतं. त्यांची समज अगदी पक्की आहे.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. अंगाला प्रत्यक्ष काय लागतं ते बघा. बाई दुकानात येतात, चांगलं महागाचं कॉटन पसंत करतात, आणि शिवायला टाकताना अस्तराचं काहीच सांगत नाहीत. टेलर हाताशी असेल ते क्रेपचं किंवा सॅटिनचं अस्तर लावतो. म्हणजे बाहेरून सुती, आणि घाम येतो तिथं पॉलिएस्टर. एवढे पैसे खर्चून मिळालं काय? कुर्त्याला अस्तर हवंच असेल तर पातळ मलमल किंवा केंब्रिक आधी पाण्यातून काढून लावा. ब्लाउजला टू बाय टू रुबिया मागा, आणि तोही सुती आहे ना ते विचारा, कारण आता मिश्र रुबियाही भरपूर येतो. साडी नेसणाऱ्यांचा तर निम्मा उकाडा परकरात असतो. कमरेपासून पायापर्यंत अंगाला परकरच लागतो, साडी नाही. चकचकीत सॅटिनच्या परकरावर सुती साडी नेसली तरी पाय घामेजणारच, आणि सुती पॉपलीनच्या परकरावर जॉर्जेट नेसली तरी बऱ्यापैकी निभावतं. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये येते, तेव्हा येवल्याची खरी रेशमी पैठणी नेसलेल्या बाईला पॉलिएस्टरच्या नकली पैठणीतल्या बाईपेक्षा सुख असतं, कारण रेशीम घाम टिपतं. काठापदराची जर जड असते, पण तो भाग बहुतेक अंगापासून लांबच असतो. सासूबाईंच्या नऊवारीला परकर नसतो, साडीच अंगाला लागते. म्हणून त्यांच्यासाठी सुतीच घ्या, मिश्र धाग्याची स्वस्त नऊवारी नको. त्यांची सवय बरोबरच आहे, ती बदलू नका.

‘कॉटन’ म्हणून जे विकलं जातं ते कॉटनच असतं असं नाही. शिवणीच्या आतल्या कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आणि बोटानं चुरडणारी मऊ राख आली तर कापूस किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. केस जळाल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. राख आणि मणी दोन्ही दिसले तर मिश्रण. कापूस आणि रेयॉन यांतला फरक पाण्यानं कळतो. एक धागा मधोमध भिजवा आणि दोन्ही टोकांनी ओढा. रेयॉन भिजलेल्या जागीच पटकन तुटतं, कारण ओलं झालं की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते. कापूस ओला झाल्यावर उलट जास्त मजबूत होतो.

म्हणून रेयॉनचे कुर्ते नाशिकच्या मे महिन्यात अगदी सुखाचे, मऊ आणि थंड, पण पावसाळ्यात कपाटात ठेवा. भिजलं की ते लोंबतं, पिळताना फाटतं, आटतं.

पावसाळा ही तुमची खरी अडचण. पाऊस शहरात इगतपुरीइतका नसला तरी झड लागली की दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही, आणि हवाच ओल्यानं भरलेली असते. अशा हवेत जाड सुती कापड वाळायला दोन दिवस घेतं. कापड फार वेळ ओलं राहिलं की त्यात बुरशी आणि जंतू वाढतात, कुबट वास त्यांचाच. साबण जास्त घालून तो जात नाही. वाळायचा वेळ कमी करणं हाच उपाय. म्हणून जून ते सप्टेंबर बाहेर जायच्या कपड्यांत टेरीकॉट घ्यायला अजिबात संकोच करू नका. 67 टक्के पॉलिएस्टर आणि 33 टक्के कापूस हे जुनं, नेहमीचं मिश्रण. मुलाचा शाळेचा गणवेश बहुधा अशाच मिश्रणाचा असणार. पावसाळ्यात तो तसाच ठीक. उन्हाळ्यात त्याच्या आत सुती बनियन सक्तीनं घालायला लावा, म्हणजे घाम बनियन टिपेल. जॉर्जेट आणि शिफॉन साड्याही पावसाळ्यात सोयीच्या, पंख्याखाली तासा-दोन तासांत वाळतात. आतले कपडे मात्र बाराही महिने सुती ठेवा, फक्त पातळ घ्या आणि जोड वाढवा. ओले आतले कपडे घालून निघालात तर जांघेत आणि काखेत गजकर्ण व्हायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात जीन्स शक्यतो नकोच.

वाळवण्याचंही थोडं शास्त्र आहे. दोरीवर दोन कपड्यांमध्ये वीतभर जागा सोडा, पॅन्ट आणि कुर्ता उलटे करून खिसे आणि नेफा बाहेरच्या बाजूला येतील असे टाका, आणि बंद खोलीत पंखा लावताना खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर कपड्यातलं पाणी खोलीतल्या हवेतच फिरत राहतं. पावसाळ्यात खळ बंद करा. खळ म्हणजे पिष्ट (स्टार्च), त्यावर बुरशी आणि कसर दोन्ही पोसतात. उन्हाळ्यात हलकी खळ चांगली, कापड ताठ राहून अंगाला चिकटत नाही. आणि तो वासाचा, मऊपणाचा द्रव, फॅब्रिक सॉफ्टनर, टॉवेलला आणि बनियनला घालू नका. धाग्यावर त्याचा थर बसतो आणि पाणी टिपायची ताकद कमी होते.

पावसापासून अंग कोरडं ठेवायला आता नायलॉनचा, आतून लेप दिलेला रेनकोट असतो. पाणी आत येत नाही तसा घामही बाहेर जात नाही, म्हणून काखेखाली जाळी किंवा झडप असलेला घ्या आणि पोचल्याबरोबर काढा. पूर्वी इकडं धनगरांच्या हातच्या लोकरीची घोंगडी पावसात डोक्यावर खोळ करून घेत. दख्खनी मेंढीची जाडभरडी लोकर, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली. पाणी बराच वेळ वरून ओघळून जातं, आणि लोकर थोडी ओली झाली तरी अंगाला गारठा लागू देत नाही, कारण ती वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल धाग्याच्या पोटात धरूनही हाताला ओली लागत नाही. घरात जुनी घोंगडी असेल तर टाकू नका.

तुमच्या मिस्टरांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. कारखान्यात ते वेल्डिंग, ग्राइंडिंग, भट्टी यांच्या जवळपास जात असतील तर कामाचे कपडे सुतीच, आणि जाड सुती. इथं पावसाळ्याचा नियम लागू होत नाही. ठिणगी पडली तर कापूस त्या जागी करपतो. पॉलिएस्टर, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं आणि जखम खोल जाते. आत घालायचा खेळाचा टी-शर्टसुद्धा पॉलिएस्टरचा नको. ऑफिसात बसून काम असेल तर ही अट नाही. हाच विचार स्वयंपाकघरात आणि दिवाळीत फटाक्यांजवळ करा. जॉर्जेटचा सुटा पदर, घोळदार ओढणी गॅसपाशी नको. सुती कापडही पेट घेतं, म्हणून ते अंगासरशी आणि खोचलेलं पाहिजे.

थंडीत ऊब कापड देत नाही, कापडात अडकलेली हवा देते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. नाशिकला तर ते जास्तच बरे, कारण सकाळी सातला लागलेला स्वेटर दुपारी बाराला हातात घेऊन फिरावा लागतो. आत पातळ सुती बनियन, त्यावर फ्लॅनेल किंवा कॉर्डुरॉयचा शर्ट, वर स्वेटर. तुम्ही कुडकुडलात त्याचं कारण स्वेटर कमी पडला हे नसावं. विणलेल्या स्वेटरच्या फटींतून स्कूटरवरचा वारा सरळ आत शिरतो आणि साठलेली गरम हवा घेऊन जातो. स्वेटरवर पातळ, घट्ट विणीचं नायलॉनचं विंडचीटर घाला, मग तोच स्वेटर दुप्पट उबदार वाटेल. इथं फुंकरीची परीक्षा उलटी करा, वारा पलीकडे गेला नाही पाहिजे.

शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटात आणि इतरत्र मिळणारे बहुतेक स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. रोजच्या वापराला, मुलांना, घरी धुवायला ते चांगले. त्यात कमीपणा नाही. खरी लोकर घ्यायची तर सासूबाईंसाठी एक शाल घ्या. लोकर टोचते की नाही हे धाग्याच्या जाडीवर असतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; 20 मायक्रॉनच्या आतली मेरिनो मेंढीची लोकर टोचत नाही, 30 च्या वरची टोचतेच. शाल मानेला घासून बघा, हाताला कळत नाही ते मानेला कळतं. तुम्ही कधी मनालीकडे बर्फात जाणार असाल तर तेवढ्यापुरतं आतलं सुती बनियन घरी ठेवा. चढताना घाम येतो, सुती ओलं होतं आणि मग वाळत नाही. पाणी उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं ओढून नेतं. तिथं लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर्मल अंगाला लावायचा.

मुलीचं मुंबईचं. पंचवटी एक्स्प्रेसनं रोज जाणारी मंडळी जानेवारीत नाशिकरोडला स्वेटर घालून चढतात आणि कसारा घाट उतरला की एकेक करून काढायला लागतात. खाली हवेतच इतकी वाफ असते की घाम उडायला जागाच नसते. तिथं घाम टिपून भागत नाही, टिपलेला घाम तसाच राहतो आणि कुर्ता पाठीला चिकटतो. म्हणून तिच्यासाठी सैल, मोकळ्या विणीचं, शक्य तितकं पातळ सुती. सिरसकर हे कापड बघा. त्याला चुण्या असतात, ते अंगापासून थोडं उचललेलं राहतं आणि इस्त्रीही लागत नाही. होजियरीचे तंग टॉप लोकलच्या गर्दीत त्रास देतात. वसतिगृहात वाळवायला जागा कमी मिळणार, तर जाड चार ड्रेसऐवजी पातळ सात द्या, आणि जुलै-ऑगस्टसाठी त्यातले दोन-तीन टेरीकॉटचे. नवं सुती कापड तिच्यासाठी शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. हातमागाचं किंवा साधं कापड मीटरमागे एक-दोन इंच सहज आटतं. त्या हिशेबानं कापड पाव मीटर जास्त घ्या, आणि टेलरला बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेवायला सांगा.